उंची, पण कुठून?

(पडद्यावर: साल्हेरच्या माथ्यावरचं परशुराम मंदिर)

साल्हेर. नाशिक जिल्हा, बागलाण तालुका. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांमध्ये सगळ्यांत उंच. मराठी विकिपीडियावर एखादा किल्ला उघडला, की बाजूला चौकट दिसते: प्रकार, डोंगररांग, गाव, उंची. ट्रेकला निघालेला माणूस बहुतेक वेळा तेवढंच वाचतो.

ही चौकट दर पानावर नव्याने कुणी आखत नाही. साचा एकदाच लिहितात, मग प्रत्येक किल्ल्यासाठी नुसते रकाने भरायचे. दोन महिरपी कंस, उभी रेघ, रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि पुढे माहिती.

आता 'उंची' घ्या. एकजण लिहितो १५६७ मीटर, दुसरा ५१४१ फूट, तिसरा 'पाच हजार फुटांच्या वर'. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. पण दीड हजार मीटरहून उंच किल्ले वेगळे काढा म्हटलं, की संगणक हात वर करतो. आणि मुळात मोजायचं कुठून? भटक्यांना पायथ्याच्या गावापासूनचा चढ हवा असतो, नकाशा समुद्रसपाटीपासून बोलतो. रकान्याला नुसतं 'उंची' म्हणून मोकळं होणं हा माझ्या मते आळस आहे. 'समुद्रसपाटीपासून उंची, मीटरमध्ये' असं लिहा आणि आत फक्त आकडा मागा.

'प्रकार'साठी यादी ठरवून दिली, गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट, की निदान ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ मिटतात. मग विजयदुर्ग पुढ्यात येतो. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे जमीन. बसवा यादीत!

सगळ्यांत जपायचं ते नाव बदलताना. साच्यातलं 'गाव' खोडून 'पायथ्याचे गाव' केलं, तर जुन्या पानांवरची गावं चौकटीतून गायब होतात. पुसली जात नाहीत, पानाच्या मजकुरात तशीच पडून असतात. साचा ती विचारत नाही, इतकंच. म्हणून जाणते लोक जुनं नावही साच्यात राहू देतात.

(पडद्यावर: मालवणहून दिसणारा सिंधुदुर्ग, तटावर आपटणाऱ्या लाटा)

कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, बांधकामाची सुरुवात १६६४. इथे उंची कसली भरायची? रकाना गाळायचा. साच्यात त्याची सोय नसेल, तर चौकटीत तीन-तीन महिरपी कंसांमध्ये रकान्याचं नाव उघडं पडतं. सोय असेल, तर ती ओळ उमटतच नाही.