रस्ता मला ठाऊक असतो

आज मी पांढरी काठी घेऊन या व्यासपीठावर आले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल, कारण विषय मार्गदर्शक श्वानाबरोबरच्या रोजच्या जगण्याचा आहे आणि श्वान तर कुठे दिसत नाही. माझी ओपल लंडनच्या वायव्येला, हॅरोमधल्या आमच्या घरी आहे. इतका लांबचा विमानप्रवास आणि त्यापुढे पुण्याचे रस्ते तिच्या वाट्याला यावेत, हे मला पटले नाही. तिला तयार करणाऱ्या संस्थेत एका वेताच्या साऱ्या पिल्लांना एकाच अक्षराने सुरू होणारी नावे देतात, म्हणून तिची भावंडेही ‘ओ’चीच आहेत. माझी आई मात्र फोनवरून तिला ‘ओवी’ म्हणूनच हाक मारते.

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, की तिला सगळे पत्ते कसे पाठ असतात? उत्तर असे, की ते तिला पाठ नसतात. रस्ता मला ठाऊक असतो. घरापासून स्टेशनपर्यंत किती चौक ओलांडायचे, कोणत्या वळणावर बेकरीचा वास येतो, कुठे पायाखालचा उतार बदलतो, हा सगळा नकाशा माझ्या डोक्यात असावा लागतो. ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हे मी सांगायचे. दोन वळणांच्या मधली वाट सुखरूप काढणे, हे तिचे काम. नेहमीच्या जागांची तिला सवय होते हे खरे. बागेचे फाटक जवळ आले की तिची चाल बदलते आणि आज बागेत जायचे नाही, हे तिला समजावून सांगावे लागते. पण मी चुकले, तर ती माझ्याबरोबर मोठ्या आत्मविश्वासाने चुकते.

सकाळचा क्रम ठरलेला असतो. वजन करून मोजलेले खाणे, मग अंगणाच्या कोपऱ्यात ‘बिझी, बिझी’. हे शब्द ऐकले की विधी उरकायचा, हे ब्रिटनमध्ये पिल्लाला लहानपणापासून शिकवलेले असते. त्यानंतरची सफाई मी कशी करते, हे विचारायला लोक संकोचतात, म्हणून मीच सांगून टाकते: तिच्या पाठीवर हात ठेवला की पाठीच्या बाकावरून ती नेमके काय करते आहे ते कळते, आणि जागा पायाने धरून ठेवली की पिशवीचा हात चुकत नाही. मग ब्रश, आणि मग हार्नेस, म्हणजे तिच्या अंगावर चढवायचा दांडीचा पट्टा. हार्नेसची दांडी माझ्या डाव्या हातात आली की तिचे हुंदडणे संपते. दांडी ताठ असल्यामुळे तिच्या खांद्यांची प्रत्येक हालचाल माझ्या मनगटाला समजते. साखळीने किंवा दोरीने हे साधले नसते.

वाटेत एखादी मोटार पदपथावर चढवून ठेवलेली असते. ओपल मला पदपथाच्या कडेला आणून थांबवते. मी वाहतुकीचा कानोसा घेऊन ‘पुढे’ म्हणते, तेव्हा ती मला रस्त्यावर उतरवते, मोटारीला वळसा घालते आणि पुन्हा पदपथावर आणते. सिग्नलचा लाल आणि हिरवा रंग तिला वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे कधी ओलांडायचे तो निर्णय माझाच असतो. तिथल्या बऱ्याच सिग्नलच्या खांबांवर बटणाच्या डबीखाली बोटाच्या पेराएवढा एक शंकू असतो. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की तो फिरू लागतो. वर्षानुवर्षे त्या रस्त्याने जाणाऱ्या माझ्या डोळस शेजाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता! जिथे सिग्नल नाही, तिथे कान हेच साधन. म्हणूनच विजेच्या मोटारींची मला धास्ती वाटायची. 2021 पासून तिथे नव्या विजेच्या मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती झाली आहे. तरीही माझे अंदाज चुकतात, आणि मी ‘पुढे’ म्हटल्यावरही ओपल जागची हलत नाही. प्रशिक्षक याला बुद्धिपूर्वक आज्ञाभंग म्हणतात. आज्ञा पाळायला शिकवलेल्या प्राण्याला ती कधी मोडायची हे शिकवणे, हा मला या साऱ्या प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण भाग वाटतो.

काठी आणि श्वान यांतला फरक मला सोयीचा कमी आणि जाणिवेचा अधिक वाटतो. काठी अडथळा शोधते. ती खांबाला लागते, तेव्हा इथे खांब आहे हे मला कळते. श्वान अडथळा टाळते, त्यामुळे तो खांब माझ्या जगातून नाहीसाच होतो. काठीने दहा वर्षे चालले तेव्हा घराजवळच्या रस्त्यावरची प्रत्येक कचराकुंडी माझ्या ओळखीची होती. ओपल आल्यावर माझा वेग वाढला, डोक्यावर येणाऱ्या फांद्यांची भीती गेली, कारण माझ्या उंचीचा हिशेब करूनच ती वाट काढते. पण त्या खुणा हरवल्या आणि पहिल्या काही महिन्यांत मी ओळखीच्या रस्त्यावर परकी झाले. नकाशा नव्याने, वासांवर, आवाजांवर आणि उतारांवर बांधावा लागला. हे कोणी आधी सांगितले नव्हते, म्हणून मी आवर्जून सांगते.

ही पद्धत फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग येथे 1916 मध्ये पहिली शाळा निघाली. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा अंध तरुण मॉरिस फ्रँक 1928 मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आला आणि न्यूयॉर्कचा गजबजलेला वेस्ट स्ट्रीट वार्ताहरांसमोर तिच्याबरोबर ओलांडून त्याने अमेरिकेला हे शक्य असल्याचे दाखवले. ब्रिटनमध्ये 1931 साली वॉलेसी गावात म्यूरिअल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोघींच्या खटपटीतून पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. जूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा ही त्या चार कुत्र्यांची नावे. जोडी जुळवताना चालण्याचा वेग, उंची आणि घरातले वातावरण पाहतात. आमच्या घरातला गोंगाट तपासायला आलेल्या बाईंनी चहाचे दोन कप होईस्तोवर मुक्काम केला होता.

बाहेर पडल्यावरची खरी अडचण रस्त्यापेक्षा दारांवर येते. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यानुसार टॅक्सीचालकाला मार्गदर्शक श्वान नाकारता येत नाही. वैद्यकीय कारणाने सूट मिळालेली नसेल तर तो गुन्हा ठरतो आणि हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढे असूनही एका पावसाळी रात्री एक चालक ‘गाडी खराब होईल’ असे म्हणून निघून गेला. कायदा माझ्या बाजूने होता, पण भिजत मीच उभी होते. याच्या उलट टोकाला अतिप्रेमळ माणसे असतात. ती माझ्याशी न बोलता थेट तिला कुरवाळू लागतात, आणि हार्नेसमध्ये असलेल्या कुत्रीचे लक्ष चौकाच्या कडेला विचलित होणे म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

एका परिचितांकडे गणपतीला गेलो, तेव्हा यजमानीण बाईंना कुत्रे देवघराजवळ नको होते. त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटले नाही. ओपल दाराशी सतरंजीवर पडून राहिली आणि टाळ-झांजांच्या गजरातही उठली नाही. मोदकांच्या ताटाकडे तिने पाहिले असेल तर ते मला कळणे शक्य नव्हते. पुढच्या वर्षीच्या आमंत्रणात तिचे नाव माझ्या आधी होते.

आपल्याकडे हे का रुजत नाही, असे मला इथे आल्यापासून तिघांनी विचारले. काल मी डेक्कन भागात काठी घेऊन अर्धा तास चालले. या पद्धतीला सलग पदपथ आणि त्याची स्पष्ट कड लागते. ती कड म्हणजे श्वानासाठी ‘इथे थांब’ ही पाटी असते. पदपथ मध्येच संपला, त्यावर दुचाकी उभ्या असल्या, आणि प्रत्येक गल्लीतली भटकी कुत्री आपली हद्द राखायला धावून आली, तर उत्तम प्रशिक्षण मिळालेली ओपलही काम करू शकणार नाही. आधी कुत्री आणा आणि मग रस्ते पाहू, हा क्रम मला त्या मुक्या प्राण्यावर अन्याय करणारा वाटतो. तोवर काठीचे चांगले प्रशिक्षण अधिक लोकांपर्यंत पोचवणे, हे आजच्या आज करता येण्यासारखे काम आहे.

तिच्या सुट्टीविषयी सांगायचे राहिले. रविवारी बागेत गेल्यावर मी हार्नेस काढते आणि तिच्या गळ्यात एक छोटी घंटा बांधते, म्हणजे ती कुठे आहे ते मला ऐकू येते. घंटा गवतातून लांब जाते, झाडांमागे थांबते, दुसऱ्या एखाद्या कुत्र्याभोवती वेड्यासारखी वाजते. आठवडाभर मी तिच्या हालचालीवरून वाट ओळखलेली असते. त्या अर्ध्या तासात मी बाकावर नुसती बसून असते. मग मी शिट्टी वाजवते. पहिल्या शिट्टीला ती येतेच, असे मात्र नाही.