भोगावतीच्या उलट दिशेनं

दृश्य : गंगावेश, पहाट. म्हशी, स्टीलचे पेले, सामान लादलेली सायकल.

गंगावेशीत दूध विकत घेतात ते म्हशीसमोर उभं राहून. धार काढली की पेला थेट हातात येतो, वर फेस तसाच. सायकलला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, आणि तंबू बघून शेजारचा पैलवान गडी विचारतो, "कुठं निघालायसा ताई?"

"राधानगरीवरनं फोंडाघाटला. पुढं गोवा."

"एकट्याच? मग अजून एक पेला घ्या की."

कोल्हापुरात काळजी अशी पेल्यानं मोजून देतात. नाही म्हणायची सोय नसते.

दृश्य : रंकाळा मागे पडतो. पुईखडीचा चढ.

आजचा रस्ता नदीनं ठरवलाय. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते. त्यातल्या भोगावतीच्या खोऱ्यातून मी वर वर जाणार, धरणापर्यंत, आणि मग सह्याद्रीचा कडा ओलांडून खाली कोकणात. शंभरच्या आसपास किलोमीटर.

पुईखडी सोडली तर राधानगरीपर्यंत चढ डोळ्यांना दिसत नाही. रस्ता सपाटच वाटतो, फक्त एक गिअर कमी लागतो आणि ते का, हे कळत नाही. मग लक्षात येतं, नदी समोरून येते आहे. गाडीतून हे कधीच समजलं नसतं.

दृश्य : लांबून, उसाच्या फडामागून सायकल जाताना.

आता तुम्ही मला या वळणावर दिसेनाशी होताना पाहताय. कॅमेरा धरायला दुसरं कुणी नाही. तो ट्रायपॉडवर लावला, वळणापलीकडे गेले आणि परत येऊन घेतला. म्हणजे जिथे जिथे मी लांब जाताना दिसेन, तिथला रस्ता मी तीनदा कापलाय. घाटातले असे शॉट या फिल्ममध्ये कमी आहेत, त्याचं कारण एवढंच.

दृश्य : हळदीच्या पुढं, गुऱ्हाळ. धूर, काहील, वाफ.

हळदी, परिते. गाळप सुरू झालंय. ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. ट्रॉली ओलांडून पुढं जायचा विचार मी करत नाही. मागून आली तर सरळ रस्त्याखाली उतरते.

आणि मग गुऱ्हाळ. वास आधी येतो, धूर नंतर दिसतो. चुलवाणात सुकलेलं चिपाड सारलं जातंय, वर काहिलीत रस रटरटतोय. रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मग मळी वर येते, ती काढत राहायची. गुळव्या काही बोलत नाही. तो फक्त बुडबुड्यांकडे बघतो. बुडबुडे मोठे, आळशी झाले की थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो. ती जमली की काहील उतरवायची, क्षणाचाही उशीर चालत नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यातलं सगळं शास्त्र या माणसाच्या बोटात आहे.

मला गरम गुळाचा गोळा मिळतो, केळीच्या पानावर. "एनर्जी बार" नावाची जी गोष्ट मी पुण्यातून विकत आणली होती, ती पॅनिअरच्या तळाशी आणखी खाली गेली.

दृश्य : राधानगरी. धरणाची भिंत, बंद दरवाजे.

दुपार. जेवण झालं, तांबडा रस्सा आणि भाकरी. त्याबद्दल एवढंच.

हे धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. भरलं की सात दरवाजे माणसाची वाट न बघता आपोआप उघडतात. पावसाळ्यात "दरवाजे उघडले" ही बातमी कळली की कोल्हापुरात लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारू लागतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. सकाळी ज्या शहरातून निघाले, त्याची पावसाळ्यातली झोप इथं अडवलेली आहे.

दृश्य : दाजीपूरकडे जाणारा रस्ता. गव्यांबद्दलचा फलक.

इथून खरा चढ. एका बाजूला लक्ष्मी तलावाचं, म्हणजे धरणात साठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला जंगल. कधीकाळी संस्थानची शिकारीची जागा होती ही. 1958 पासून अभयारण्य आणि 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत.

चहाच्या टपरीवरचे काका बजावतात, "गवा दिसला तर तिथंच थांबायचं, ताई. बाजूनं काढायचं नाही. त्यो जाईस्तवर बसायचं."

सायकलची अडचण ही की ती आवाज करत नाही. गव्याला मोटारसायकल लांबून कळते, मी नाही कळत. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी, आणि घंटी थकली की मोठ्यानं पाढे. एकोणतीसचा पाढा अजून जमत नाही, पण गव्यानं तक्रार केली नाही. दिसलाही नाही. ताजं शेण तेवढं रस्त्यात होतं.

दृश्य : घाटमाथा. मावळतीला कोकण.

इथं पावसाची वाटणी होते. माझ्या पाठीमागं पडलेला थेंब भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. समोर पडलेला थेंब अरबी समुद्रात, आणि त्याला फारसं अंतरही कापायचं नाही.

दिवसभर ज्या पाण्याविरुद्ध पॅडल मारलं, ते इथं संपलं. आता उतार. पण उतार म्हणजे आराम नव्हे. सामानासकट सायकल सुटते, सारखे ब्रेक दाबले की रिम चटका बसेल इतकी तापते. म्हणून थोडं उतरायचं, थांबायचं, रिम गार होऊ द्यायची, परत उतरायचं. थांबलं की हवा जाणवते. अंगावरचा घाम वाळायचं थांबतो, जॅकेट काढावं लागतं.

दृश्य : फोंडाघाट गाव. दिवे लागलेले.

खानावळीत मालक सायकलकडे बघून विचारतात, घाट चढून आलात की उतरून? उतरून म्हटल्यावर त्यांचा रस निम्मा होतो. बरोबरच आहे.

भात येईपर्यंत मागच्या चाकाचे ब्रेक शू बदलते. उद्या कणकवलीला मुंबई–गोवा महामार्ग लागेल.