तांब्याचा ताप

(दृश्य: शटर वर जातं. बाकावर उघडा स्टेटर, मोटारीचा न फिरणारा भाग.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. ही साडेसात हॉर्सपॉवरची शेतीपंपाची मोटार. पंचगंगेच्या काठावर जळाली, इथं नव्यानं भरली. तांब्याच्या तारेचा वेढा न् वेढा हातानं बसवलेला.

मोटार नीट भरली का, हेही बहुतेक ठिकाणी हातच ठरवतो. चालवायची, अंगावर तळहात ठेवायचा, चटका बसला नाही की द्यायची पाठवून. पण तळहाताला कळतं ते बाहेरच्या बिडाचं. आतलं तांबं किती तापलं, ते तांब्यालाच विचारावं लागतं.

(दृश्य: टर्मिनल, अगदी जवळून.)

तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, वाढतो, अंशाला साधारण 0.4 टक्के. या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेढ्यांत, एका अंशाचा फरक सहा मिलीओहमसुद्धा भरत नाही. चिमटा जरा सैल बसला तरी तेवढा फरक पडतो. म्हणून मिस्त्री टर्मिनल पॉलिश पेपरनं घासताहेत, पितळ चमकेपर्यंत. आणि वायरी मोजा: दोन नाहीत, चार आहेत. दोन वायरींतून करंट जातो, दुसऱ्या दोन फक्त व्होल्टेज बघतात. त्यांच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळं वायरीचा आणि चिमट्याचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजणीत शिरत नाही.

रात्रभर थंड झालेली मोटार, 30 अंश. मीटरवर 1.500 ओहम. हा आकडा खडूनं फळ्यावर.

(दृश्य: मोटार लोडवर. घड्याळ. दुपार.)

तापमान चढायचं थांबेपर्यंत मोटार लोडवर चालते. यात तास जातात, आणि ते द्यायलाच हवेत.

मग स्विच बंद. इथून घाई. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, थांबल्याशिवाय मीटर लावता येत नाही, आणि तोवर तांबं निवायला लागलेलं असतं.

"मामा, चाळीस सेकंद!"

"सांग."

"एक पॉइंट सात आठ नऊ."

साठ सेकंदांना 1.784. ऐंशीला 1.779. शंभराला 1.775.

आकडे उतरताहेत, थेंबाथेंबानं. मिस्त्री ते ग्राफ पेपरवर मांडतात आणि रेघ मागं ओढत नेतात, स्विच बंद केला त्या क्षणापर्यंत. रेघ टेकते 1.800 वर. जो आकडा मीटरनं पाहिलाच नाही, तो कागदावर सापडतो.

आता हिशेब. तापमानात 235 मिळवायचे, हा तांब्यासाठी ठरलेला आकडा. थंडीतले 30 धरून 265. रेझिस्टन्स 1.2 पट झाला, म्हणून 265 चे झाले 318. त्यातून 235 वजा. तांबं 83 अंशांवर होतं. चाळीस सेकंदांच्या आकड्यावर थांबलो असतो, तर 81 च धरले असते. शिवाय ही सगळ्या वाइंडिंगची सरासरी. आतला एखादा कोपरा याहून तापलेला असतो. तरी बी क्लासच्या इन्सुलेशनची, म्हणजे तारेभोवतीच्या वीजरोधक आवरणाची, मर्यादा 130 अंश. ही मोटार निवांत चालेल.

एक मीटर, एक घड्याळ, एक ग्राफ पेपर. मोटार भरणाऱ्या प्रत्येक दुकानात एवढं असायलाच हवं.

(दृश्य: नदीकाठ, पाणी उपसायची जॅकवेल, ऊस.)

मोटार ऐन उन्हाळ्यात पुन्हा जळाली तर पाण्याची पाळी चुकते, ऊस वाळतो.

(दृश्य: टर्मिनल बॉक्सचं झाकण, आतली बाजू.)

मिस्त्री झाकणाच्या आत रंगानं लिहितात: 1.500, 30 अंश. ही मोटार कधी परत आली, तर आधी झाकण उघडून हा आकडा बघायचा आणि मीटर लावायचा.

चार बोल्ट आवळले. टेम्पो लागलाय.