हापसा कोणासाठी घडवायचा?

श्रोतेहो, नमस्कार. तंत्रज्ञान म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे मोबाइल येतो. परंतु वापरणाऱ्या माणसाला ओळखल्याशिवाय यंत्र घडवले तर काय होते आणि ओळखून घडवले तर काय साधते, या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत पाहायच्या असतील तर आपल्या गावच्या हापशाकडे पाहावे. माझे आजचे बोलणे त्या हापशाविषयीच आहे.

१९६६-६७ सालचा बिहारचा दुष्काळ आणि त्यानंतर आपल्याकडचा बहात्तरचा दुष्काळ यांच्या दरम्यान, कठीण खडक हवेच्या दाबाने फोडणारी यंत्रे युनिसेफच्या मदतीने देशात आली. जिथे काळ्या पाषाणात विहीर खणायला महिनोन्‌महिने लागत, तिथे बोअर एक-दोन दिवसांत होऊ लागली. खडक हरला, पण बोअरवर बसवायला आपल्याकडे जो पंप होता तो होता बिडाचा, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणातल्या पंपाची नक्कल. तो मूळचा एका कुटुंबासाठी केलेला. सकाळ-संध्याकाळ चार बादल्या पाणी काढावे, एवढेच त्याचे काम. तोच पंप आपण अशा वस्तीत नेऊन उभा केला, जिथे शेकडो माणसे त्या एका तोटीवर अवलंबून होती आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दांडा थांबत नव्हता. बीड ठिसूळ, ते तडकत असे. खिळी झिजत. पंप बोअरच्या नळीलाच आवळलेला असल्यामुळे तो सदा हिंदकळत राही, त्याची पकड सुटे आणि ओट्यावरचे सांडपाणी त्याच फटीतून पुन्हा बोअरमध्ये उतरे. १९७४ साली पाहणी झाली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले.

अशा वेळी कार्यालयातून ठरलेले उत्तर येते की, लोकांना सरकारी वस्तू नीट वापरता येत नाही. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. दांड्याला लोंबकळणारी पोरे, रांगेत मागून होणारी घाई, अर्ध्यातच सोडलेले तोकडे हिसके हा काही पंपाचा दुरुपयोग नव्हता. गावातला वापर असाच असतो, आणि आराखडा करणाऱ्याने तो आधी येऊन पाहायला हवा होता.

ज्यांनी तो पाहिला होता ती माणसे जालना आणि सोलापूर इथे ख्रिस्ती मिशनच्या पाण्याच्या कामात होती. बोअर घ्यायची त्यांनीच आणि पंप मोडला की दुरुस्तीलाही जायचे त्यांनीच. त्यामुळे पंप कुठे आणि कशाने मोडतो हे त्यांना अहवाल वाचून कळण्याची गरज नव्हती. त्यांनी बिडाऐवजी पोलाद घेतले, अनेक खिळ्यांच्या जागी दांडा एकाच आसावर बेअरिंगमध्ये बसवला आणि खालचा दट्ट्या ओढणारी आतली सळई साखळीला टांगली, म्हणजे दांडा कसाही हलवला तरी सळई सरळ रेषेतच वर-खाली होते. पुढे युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन नवा पंप तयार केला, कोइंबतूरच्या आसपासच्या गावांत तो प्रत्यक्ष लोकांच्या हाती देऊन तपासला, आणि १९७० चे दशक संपण्यापूर्वी ‘इंडिया मार्क टू’ देशभर जाऊ लागला. आपण आज ज्याला हापसा म्हणतो तो बहुतेक ठिकाणी हाच.

त्याचा दांडा एकदा बारकाईने पाहा. तो पोकळ नळीचा नाही, भरीव पोलादी सळईचा आहे, आणि हे वजन मुद्दाम ठेवलेले आहे. बोअरमध्ये लोंबणाऱ्या सळयांचा भार दांड्याच्या वजनाने तोलला जातो, म्हणून लेकुरवाळ्या बाईला किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही खोलवरचे पाणी ओढता येते. मिनिटाला चाळीस दांडे मारले तर साधारण बारा लिटर पाणी मिळते; म्हणजे एक मोठी घागर भरायला पन्नासेक दांडे. पाणी भरण्याचे काम घरात कोणाच्या वाट्याला येते हे ज्याने पाहिले नाही, त्याला हा दांडा सुचला नसता. पंपाचे बूडही आता नळीला आवळलेले नसते. ते नळीच्या भोवतीने काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले असते, त्यामुळे सांडपाणी आत जात नाही.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या ‘प्लेपंप’चे पाहा. मुलांनी चक्रावर बसून खेळायचे आणि त्या फिरण्यावर पाणी टाकीत चढायचे, ही कल्पना देणगीदारांना इतकी आवडली की काही गावांत चालू स्थितीतले हातपंप काढून चक्रे बसवली गेली. मुले दमली की खेळ थांबतो. स्वयंपाकाची वेळ मात्र थांबत नाही. अखेर ते जड चक्र बायांना, म्हाताऱ्यांनाही, वाकून ढकलावे लागले.

आपल्या मार्क टूचेही सगळे काही बरोबर होते असे नाही. पाणी ओढणाऱ्या माणसाचा विचार झाला होता, दुरुस्त करणाऱ्याचा पुरेसा झाला नव्हता. आत चामड्याचा एक वाटीसारखा वायसर असे. तो झिजला की दांडे मारत राहावे लागे आणि पाणी येत नसे. वस्तू अगदी स्वस्त, परंतु ती बदलण्यासाठी दहा-दहा फुटी नळांची सगळी माळ वर काढावी लागे. बोअर शंभर फूट असेल तर हे ओझे शंभर किलोंहून जास्त. त्यासाठी पंचायत समितीचे किंवा जिल्ह्याचे पथक, गाडी, नळ वर उचलायची घोडा-चेनपुली हवी, आणि पथक येईपर्यंत बाया पुन्हा जुन्या विहिरीवर. १९८० च्या दशकात कोइंबतूर भागातच ‘मार्क थ्री’ची चाचणी झाली ती याच दुखण्यावर. त्यात नळ रुंद केला, अडीच इंची, म्हणजे नळ जागेवरच ठेवून आतला दट्ट्या आणि झडप सळईसकट वर ओढता येतात. चामड्याच्या जागी रबरी वायसर आला. दुरुस्ती पुरुष मिस्त्रीच करू शकतो हेही खरे नव्हते. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या सुमारास महिला पाने हाती घेऊन हातपंप दुरुस्त करू लागल्या होत्या.

तरीही मार्क थ्री अपेक्षेइतका पसरला नाही. रुंद नळ महाग आणि जड, फार खोल बोअरला तो झेपत नाही, आणि आपल्याकडे पाणी वर्षागणिक खाली चालले आहे. त्यातच मिस्त्र्यांचे हात मार्क टूवर बसलेले, भांडारात सुटे भाग मार्क टूचे, खरेदीचे दरकरारही त्याचेच. हे सुटे भाग सांभाळणारा भांडारपालही त्या पंपाचा वापरणाराच होता; त्याच्याशी मात्र आराखड्याच्या वेळी फारसे कोणी बोलले नव्हते.

नमस्कार.