धात, धास्ती आणि चरकाचं म्हणणं

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज कमी करील, कुणी उठून आत जाईल. तेवढं करू नका. हस्तमैथुन आणि त्यानंतर मनात बसणारी धास्ती, याबद्दल मी बोलणार आहे. सोलापुरात वैद्यकी करणाऱ्या कुणालाही विचारा, हा रुग्ण नेहमी येतो. फक्त हे नाव घेऊन येत नाही.

तो सांगतो, पित्त होतंय, कंबर धरते, भूक नाही. नाडी बघून होते, जीभ बघून होते, चिठ्ठी लिहून होते. मग तो दारापर्यंत जातो, एक पाय चपलेत घालतो आणि मागं वळून खालच्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, अजून एक होतं. मला ती हाताची सवय हाय. त्यानं सगळं बाद झालं का ओ?" कुणी एमआयडीसीत कामाला असतो, कुणी खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतो, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. लग्न ठरलेला सगळ्यात जास्त घाबरलेला.

त्याला मी आधी एका शब्दात उत्तर देतो: नाही. काही बाद झालेलं नाही.

एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण 2 ते 5 मिलिलिटर असतं, म्हणजे चहाच्या चमच्याएवढं किंवा त्याहून कमी. त्यातला मोठा भाग शुक्राशयाचा आणि प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव. शुक्राणू वृषणात सतत तयार होत राहतात, तारुण्यात ते काम थांबत नाही. या सवयीनं डोळे खोल जात नाहीत, गाल बसत नाहीत, इंद्रिय वाकडं होत नाही, आणि पुढं मूल होणार नाही असंही काही नाही. क्रियेनंतर थोडा वेळ गळाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. शरीर सैल पडतं म्हणून तसं वाटतं. पण मनात भीती आधीच बसलेली असली, की त्या सैलपणाला माणूस अशक्तपणा म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहून गाल चाचपतो.

आता लोक म्हणतात, "पण आयुर्वेदातच सांगितलंय ना, रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब?" चरक आणि सुश्रुत या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत हा थेंबांचा हिशेब नाही. रसापासून शुक्रापर्यंत, म्हणजे वीर्यापर्यंत, सात धातू सांगितलेत, रसाचं शुक्र व्हायला महिना लागतो असं सुश्रुत म्हणतात, हे खरं. पण चरकांनी शुक्राला दिलेली उपमा आपल्या ऊसवाल्या जिल्ह्याला चांगली कळावी: उसात रस असतो तसं ते सगळ्या देहात भरलेलं असतं. कुठं टाकी नाही, की ती एका रात्रीत रिकामी व्हावी.

मी आयुर्वेदाची एकच बाजू सांगतो असं नको व्हायला. संयम आयुर्वेदात आहे. आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ मानलेत, आणि अतिरेकानं शुक्र क्षीण होतं असंही लिहिलंय. पण ज्या श्लोकात हे लिहिलंय तो पूर्ण वाचा. शुक्र कशानं क्षीण होतं? म्हातारपणानं, चिंतेनं, आजारानं, अतिश्रमानं, उपासमारीनं, आणि अतिसंभोगानं. चिंतेचा नंबर दुसरा, भोगाचा शेवटचा. त्याच्या पुढच्या श्लोकात भीती आणि शोकही येतात. म्हणजे ज्या धास्तीपायी माणूस रात्रभर जागतो, ती धास्तीच चरकांच्या यादीत आहे! चरकांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, सूत्रस्थानात, तर स्पष्ट आहे की मलमूत्राचे, शिंकेचे, झोपेचे आणि शुक्राचेही वेग बळजबरीनं दाबू नयेत. दाबायचे कोणते? लोभाचे, शोकाचे, भयाचे, क्रोधाचे. आणि रोग वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला मान दिलाय विषादाला. आपण नेमकं उलटं करतो. भयाला मोकळं सोडतो आणि देहाला शिक्षा देतो.

ही धास्ती इतकी आपल्याकडची, की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. लघवी गढूळ दिसली की धात, म्हणजे वीर्य, चालली असं वाटतं. बऱ्याचदा ते लघवीतले क्षार असतात, साधी तपासणी केली की कळतं. बायकांमध्येही हे आहे, फक्त त्या आणखी कमी बोलतात. अंगावरून थोडं पांढरं जाणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं, पण मनात स्वतःला हात लावल्याची टोचणी असली की त्या दोन्हींची सांगड घालतात. खाज, दुर्गंधी, वेगळा रंग असेल तर मात्र तपासून घ्यायचं. एवढाच नियम.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज भिंतीवर 'निराश होऊ नका' रंगवणाऱ्यावर कुणी ओरडत नाही. खरं तर 1954 च्या कायद्यानं असल्या जाहिरातींना मनाई आहे.

मग करायचं काय? अपराधी वाटणं, धडधड, झोप उडणं, पोटात गोळा, याला आमच्या भाषेत वात वाढला म्हणतात. वाताला स्निग्ध, उष्ण आणि नियमित लागतं. पहिलं म्हणजे तळपाय. घरात काशाची वाटी असेलच, नसली तर आजीच्या पेटीत असेल. झोपायच्या आधी तळव्याला अर्धा चमचा तूप लावा आणि वाटीचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश फिरवा. थोड्या वेळानं तूप काळपट होतं. ती तुमच्या अंगातली उष्णता नव्हे, काशाचाच रंग आहे, पण पाय थंड पडतात आणि झोप लागते. थंडीच्या दिवसांत सकाळी अंगाला तिळाचं तेल कोमट करून. आपल्याकडं करडईचं तेल घरोघरी असतं, ते भाजीत राहू द्या.

जेवणात ज्वारी कोरडी, कडक भाकरी तर आणखी कोरडी, वर शेंगाचटणीचा तिखटपणा. सोडा म्हणत नाही, सोलापुरात राहून तसं म्हणायची माझी हिंमतही नाही. त्यावर तूप घ्या, ताक घ्या, आणि रात्री अकराला जेवू नका. दूध पचत असेल तर झोपताना कोमट घ्या, जायफळ चिमटीपेक्षा कमी. मोबाईल अंथरुणापासून लांब ठेवा. सवय कमी करायची असेल तर या एका गोष्टीनं जेवढी होते तेवढी शपथांनी होत नाही. शपथ मोडते, मग दुप्पट अपराधी वाटतं, मग त्या अस्वस्थतेतून सुटायला पुन्हा तेच. हे चक्र ओळखा. चरकांनी मनाच्या उपचाराला सत्त्वावजय म्हटलंय, मनाला अहितकर विषयांपासून आवरणं. तुमच्या बाबतीत तो अहितकर विषय बहुधा "मी वाया गेलो" हा विचारच आहे. तो आला की उठा, पाणी प्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, दहा-बारा वेळा.

अश्वगंधा विचारणारे खूप. नुसतं कुणाचं ऐकून ती घेऊ नका. थायरॉईडचा, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच. आणि बिननावाच्या पुडीतलं चूर्ण किंवा भस्म अजिबात नाही. त्यात काय मिसळलंय हे देणाराही सांगत नाही. घेत असाल तर बंद करा आणि पुडी घेऊन वैद्याकडं या.

वीर्यात किंवा लघवीत रक्त, जळजळ, वृषणात दुखणं असेल तर सिव्हिलमध्ये दाखवा. सवयीपायी काम, अभ्यास सुटत असेल, किंवा महिनाभर झोप नसेल, तर मानसोपचार विभागात जा. जगणं नको वाटत असेल तर आजच, आत्ताच 14416 ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीतून बोलता येतं. "मला ती सवय हाय" एवढं एक वाक्य बोललात तरी पुढचं ते विचारतील.

नमस्कार.