डिस्चार्ज बुकातली एक ओळ

(इंदूर येथे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. महू शेजारीच असल्यामुळे फौजेचे शब्द इथल्या घरांना नवे नाहीत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. आज पेन्शनचे कोष्टक नको, कॅन्टीन कार्ड नको. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तिकेत, कारणाच्या रकान्यात जी एक ओळ टंकलेली असते, तिच्यावरच बोलू.

ही ओळ माणसाचा पुढे पाठलाग करते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिक कोणाला म्हणायचे हे 1979 च्या नियमांत ठरले आहे. ठरावीक मुदत पुरी करून, पेन्शन न घेता बाहेर पडलेल्याला ते नियम माजी सैनिक मानतात, पण स्वतःच्या विनंतीवरून सुटलेल्याला किंवा गैरवर्तन वा अकार्यक्षमतेमुळे काढलेल्याला मानत नाहीत. म्हणजे दोन शिपाई, सेवा सारखीच, आणि एकाला राखीव जागेचा फॉर्म भरता येतो, दुसऱ्याला नाही.

सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 23 प्रमाणे सेवा संपलेल्या प्रत्येक जवानाला आणि जेसीओला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरला) कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचा असतो. तो त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीतही हवा. त्यात तीन गोष्टी असतात: सेवा कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकमाने संपली, कशामुळे संपली आणि एकूण सेवा किती झाली. मराठी प्रत मिळाली नसेल तर ती मागणे हा तुमचा हक्क आहे.

आता त्या ओळीशेजारी नियमाचा क्रमांक शोधा. आर्मी रूल्स 1954 मधल्या नियम 13 ला एक तक्ता जोडलेला आहे. शपथ झालेल्या जवानांचा गट त्यात रोमन तीनखाली येतो. मुदत पूर्ण झाली तर पोटक्रमांक एक, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर तीन, स्वतःची विनंती असेल तर चार, आणि 'बाकी सर्व प्रकार' पाचमध्ये. 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' (सेवेची आता गरज नाही), 'अनडिझायरेबल' (नको असलेला) वगैरे शेरे बहुधा या पाचव्यात सापडतात. शपथ न झालेल्या रंगरुटांची ओळ वेगळी आहे. तिथे नोटिशीची अट त्या शब्दांत नाही, त्यामुळे त्यांची लढत अवघड असते.

बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक लिहितात, 'माझ्यावर अन्याय झाला, कारण बदलून द्या.' असा अर्ज वाचणारा बाबू तो फायलीला लावून मोकळा होतो. प्रत्येक कारणाला त्याची प्रक्रिया बांधलेली असते. ती झाली नसेल तर ते कारण टिकत नाही. तेव्हा मागणी भावनेची नको, प्रक्रियेची हवी.

पाचवा पोटक्रमांक घ्या. हुकूम देणारा ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडर. परिस्थिती परवानगी देत असेल तर आधी शो-कॉज, म्हणजे कारणे दाखवा, नोटीस द्यावी, असे तक्त्यातच लिहिले आहे. रेड इंक एंट्रीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या शिक्षेची नोंद लाल शाईने झाली त्यांच्यासाठी, आर्मी हेडक्वार्टर्सचे 28 डिसेंबर 1988 चे पत्र आहे. आधी प्राथमिक चौकशी, मग नोटीस, मग उत्तराचा विचार. चार एंट्र्या झाल्या म्हणजे डिस्चार्ज बंधनकारक नाही. गुन्ह्यांचे स्वरूप, सेवेची वर्षे, कठीण ठाणी यांचा विचार करा आणि पेन्शनच्या उंबरठ्यावरच्या माणसाशी कठोर होऊ नका, असे ते पत्र सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात चौकशीविना दिलेला असा डिस्चार्ज रद्द केला. मागचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो सेवेत होता असे धरले गेले. तुमच्या अर्जातली मागणीही याच मापाची ठेवा. दहा वर्षांचा थकीत पगार मागणाऱ्याकडे न्यायाधीश आधीच संशयाने पाहतात.

सँक्शनचा, म्हणजे डिस्चार्जच्या मंजुरीचा, कागद हातात आला की तारखा भिंगाखाली धरा. समजा, नोटीस 4 तारखेची, उत्तराला मुदत 15 दिवसांची आणि सँक्शनवर सही 12 तारखेची. मग उत्तर वाचले कोणी? मागच्या सगळ्या पानांपेक्षा ही एक विसंगती वजनदार ठरते. सही ब्रिगेड कमांडरची आहे की 'साहेबांकरिता' दुसऱ्याच कोणाची, तेही पाहा.

वैद्यकीय बाजू याहून गुंतागुंतीची. लो मेडिकल कॅटेगरीतल्या, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या श्रेणीत टाकलेल्या, माणसाला घरी पाठवायचे तर इन्व्हॅलिडिंग बोर्डाची, म्हणजे सेवेस अपात्र ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाची, शिफारस लागते. ती न घेता काढलेल्या जेसीओचा डिस्चार्ज सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये, राजपाल सिंह प्रकरणात, बेकायदा ठरवला. तुमच्या घरी असे काही असेल तर तीन फॉर्म मागवा: भरतीच्या वेळचा एएफएमएसएफ-2ए, कॅटेगरी ठरवणारा 15 आणि जातानाचा 16. भरतीच्या फॉर्मात आजाराची नोंद नसेल, तर 2013 च्या धरमवीर सिंह निकालाप्रमाणे माणूस निरोगी भरती झाला असे गृहीत धरतात. आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याचा भार मग खात्यावर येतो. बोर्डाने कारण न देता नुसते 'संबंध नाही' लिहिले असेल तर तिथेच बोट ठेवा. मात्र अपंगत्व पेन्शनचा टक्का आणि सेवेशी संबंध या वादाची वाट वेगळी आहे. तिथे पहिले अपील, मग दुसरे अपील अशा समित्या आहेत. दोन्ही वाद एकाच अर्जात कोंबू नका.

'ऑन ओन रिक्वेस्ट' वाल्यांनी, म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून सुटल्याची नोंद असलेल्यांनी, आपला सही केलेला अर्ज मिळवावा. तो वैद्यकीय बोर्डाच्या आधीचा की नंतरचा? हस्ताक्षर कोणाचे? अर्ज फाइलमध्ये नसेल तर तुमचे अर्धे काम झाले.

कागद मिळतात रेकॉर्ड ऑफिसमधून. सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, महारचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला. साध्या पत्राला उत्तर नाही आले तर 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीचा अधिकार वापरा. मुदत 30 दिवस. 'सर्व कागद द्या' म्हणू नका, नावे लिहा: नोटीस, तिचे उत्तर, चौकशीची कार्यवाही, सँक्शन, पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या बदलांची नोंद करणारा आदेश), कंडक्ट शीट (वर्तनाची नोंद). सँक्शनमध्ये एक कारण आणि डिस्चार्ज बुकात दुसरेच असेल, तर तो लेखनदोष आहे. दोन्हींच्या प्रती जोडून दुरुस्ती मागा, वकील लागत नाही. आणि उशीर नको: पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट करतात.

आता मुदती. सैन्य अधिनियमाच्या कलम 26 ची वैधानिक तक्रार ही तो अधिनियम लागू असलेल्या, म्हणजे सेवेतल्या, माणसासाठी आहे. बाहेर पडल्यावर ओआयसी रेकॉर्ड्समार्फत (रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्यामार्फत) वरच्या अधिकाऱ्याकडे निवेदन द्यायचे. सहा महिने उत्तर आले नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायचे. उत्तर आले, तर त्या तारखेपासून सहा महिने. दुसरे, तिसरे निवेदन देत राहिल्याने मुदत वाढत नाही. स्मरणपत्रांच्या नादात चांगली प्रकरणे बुडतात. उशीर झालाच तर त्याची कारणे तारखांसह वेगळ्या अर्जात मांडा. पेन्शनसारख्या चालू नुकसानीत 2008 च्या तारसेम सिंह निकालामुळे दार उघडे राहते, पण थकबाकी अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळते.

कोर्ट मार्शलने बडतर्फ झालेल्यांचा रस्ता वेगळा आहे, त्याच अधिनियमाच्या कलम 164 ची याचिका आणि न्यायाधिकरणात अपील. त्यावर आज बोलत नाही.

इंदुरात राहणाऱ्याचे न्यायाधिकरणाचे खंडपीठ जबलपूरला, जळगावला राहणाऱ्याचे मुंबईला. सेवेतून सुटलेल्याला राहत्या पत्त्यावरून खंडपीठ निवडता येते, म्हणून आधार कार्डावरचा पत्ता आधी नीट करा. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. पण जबलपूर टाळून सुरुवातीलाच इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट टाकायची कल्पना सोडा, आधी न्यायाधिकरणाकडे जा असेच बहुधा सांगतील. जबलपूरच्या ओव्हरनाइट एक्सप्रेसचे तिकीट काढा आणि पहिल्याच तारखेला मूळ फाइल हजर करण्याचा अर्ज सोबत ठेवा. छायाप्रतीत न दिसणारी खाडाखोड आणि मागाहून घातलेली तारीख मूळ कागदावरच दिसते.