बारोलोची नवी बाटली

(दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. धुक्यातून फक्त टेकड्यांचे माथे दिसताहेत.)

इटलीच्या वायव्येला पिएमोंते नावाचा प्रांत आहे. तिथे तोरिनो शहराच्या दक्षिणेला लांगे टेकड्या आहेत. द्राक्षाची तोडणी तोंडावर आली की तानारो नदीच्या खोऱ्यातून धुकं वर चढतं आणि दुपारपर्यंत उठत नाही. धुक्याला इटालियनमध्ये म्हणतात 'नेब्बिया', आणि इथल्या वाइनच्या मुख्य द्राक्षाचं नाव आहे नेब्बिओलो. काही जण नावाचा संबंध या धुक्याशी लावतात, काही जण मण्यांवर धरणाऱ्या पांढुरक्या थराशी.

हे द्राक्ष बागायतदाराला जेरीस आणतं. इतर जातींच्या आधी फुटतं, म्हणजे एप्रिलच्या हिमकडाक्यात सापडण्याची भीती. पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे ऑक्टोबरच्या पावसाचीही भीती. म्हणून इथले जुने लोक हिवाळ्यात टेकड्या न्याहाळायचे. ज्या उतारावरचं बर्फ सर्वात आधी वितळेल, त्याला इथल्या बोलीत 'सोरी' म्हणतात. तो उतार नेब्बिओलोचा. त्याच्या खाली बार्बेरा आणि डोल्चेत्तो या जाती, आणि अगदी तळाला, सावलीच्या बाजूला हेझलनटची झाडं. न्यूटेलाचा डबा ज्या फेरेरो घराण्यानं जगभर पोहोचवला, ते याच भागातल्या आल्बा गावचं.

(दृश्य: बारोलो गाव. अरुंद चढाचा रस्ता, एक साधं दार.)

बारोलो. वस्ती सातशेच्या आसपास. या गावाच्या नावानं विकली जाणारी वाइन अकरा गावांच्या शिवारात होते, आणि ती फक्त नेब्बिओलोचीच असावी लागते. गावातल्या एका छोट्या घराण्याची ही गोष्ट आहे: मास्कारेल्लो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात जूलिओ मास्कारेल्लो यांनी इथे स्वतःच्या नावानं वाइन करायला घेतली. त्यांच्यामागे मुलगा बार्तोलो आणि आता नात मारिया तेरेसा. जमीन सुमारे 5 हेक्टर, म्हणजे साडेबारा एकरांच्या आत-बाहेर. निफाड किंवा तासगावच्या बागायतदाराला हा आकडा मुळीच अनोळखी वाटणार नाही.

छाटणीचा हिशेब मात्र वेगळा. आपल्याकडे वेल झोपत नाही, त्याला आपण झोपवतो आणि उठवतो. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माल. अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांमध्ये सांजोवेझे ही इटालियन जात लावली आहे, तीही याच पंचांगानं चालते. लांगेत हे काम थंडी करते. वेल पूर्ण पानगळ करून उभा राहतो, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते आणि वर्षाला एकच पीक. ते पीक हातचं गेलं तर ते वर्षच गेलं.

(दृश्य: टेबलावर ओळीनं बाटल्या. प्रत्येकीवर वेगळं साल.)

अशा घरातून 'नवीन रेड वाइन बाजारात आली' असं म्हणतात, तेव्हा नक्की काय आलेलं असतं?

ओळीतल्या बाटल्यांवरची सालं वाचा. डोल्चेत्तो सर्वात तरुण. नावाचा अर्थ 'गोडसर', पण वाइन गोड नसते. ती रोजच्या जेवणाची. बार्बेरा जास्त आंबट, रंगानं गडद. मग फ्रेइझा. ही जात नेब्बिओलोची अगदी जवळची नातलग आहे, जनुकीय तपासणीत ते सिद्ध झालंय, आणि आता फार थोडी घरं ती जपतात. मास्कारेल्लो त्यांपैकी एक. ओळीच्या शेवटी बारोलो.

बारोलोला कायदाच थांबवतो. तोडणीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने, त्यातले किमान 18 महिने लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' म्हणायचं असेल तर 62 महिने. म्हणजे 2021 च्या शरद ऋतूत तोडलेली द्राक्षं 1 जानेवारी 2025 च्या आधी बारोलो म्हणून विकताच येत नाहीत. त्या दिवशी तळघरात त्यांच्या मागे आणखी तीन वर्षांचा माल उभा असतो: 2022, ज्या साली उत्तर इटलीत दुष्काळ होता आणि पो नदीचं पात्र उघडं पडलं होतं, 2023, आणि 2024, जेव्हा पाऊस संपता संपत नव्हता आणि डावणी या वेलीवरच्या रोगानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

शेतकऱ्याच्या घरात तीन पिकं घरातच पडून असण्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्या काळात घराला आधार असतो तो डोल्चेत्तो आणि बार्बेराचा. म्हणूनच मला त्यांना दुय्यम म्हणवत नाही.

(दृश्य: तळघर. सिमेंटच्या टाक्या, त्यांच्या पलीकडे माणसाहून उंच लाकडी पिंपं.)

या तळघरात रस सिमेंटच्या टाकीत स्वतःच्याच यीस्टवर आंबतो. द्राक्षांच्या साली रसात आठवड्यांमागून आठवडे राहतात. नेब्बिओलोची साल पातळ, रंग फिकट, पण तुरटपणा जबर. तरुण बारोलोचा घोट घेतला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळते. तो तुरटपणा निवायला काळ लागतो, आणि तो काळ जातो स्लाव्होनियाच्या, म्हणजे पूर्व क्रोएशियातल्या ओकच्या पिंपांत. एकेका पिंपात काही हजार लिटर मावतात. लाकूड जुनं असतं, त्याचा वास वाइनला लागत नाही.

याच पिंपांवरून 1980 च्या दशकात इथे घराघरात भांडणं झाली. 225 लिटरचं नवं फ्रेंच पिंप, 'बारीक', तेव्हा इथे आलं. त्यात वाइन लवकर मवाळ होते, व्हॅनिलाचा वास येतो आणि परदेशात चांगला भाव मिळतो. ला मोर्रा गावच्या एलिओ आल्तारे या तरुणानं 1983 मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळलं. त्या तरुणांना दोष देणं सोपं आहे. पण द्राक्षाला भाव नव्हता, गावं रिकामी होत होती. त्यात 1986 मध्ये वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं प्रकरण इटलीत उघडकीस आलं. वीसहून अधिक माणसं दगावली, आणि इटालियन वाइनवरचा विश्वासच उडाला. काहीतरी बदलायलाच हवं होतं.

बार्तोलो मास्कारेल्लो बदलले नाहीत. तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध लढलेला हा माणूस उतारवयात चाकाच्या खुर्चीत बसून बाटल्यांची लेबलं हातानं रंगवायचा. एका लेबलावर त्यांनी लिहिलं: 'बारीक नको, बेर्लुस्कोनी नको'. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी हे तेव्हाचे इटलीतले बडे नेते. पिंप आणि पंतप्रधान एका ओळीत! ते लेबल जगभर पोहोचलं.

लोक त्या लेबलाची आठवण काढतात. मला मात्र त्यांचा दुसरा हट्ट मोठा वाटतो.

(दृश्य: टेकडीचा नकाशा. चार ठिकाणं एकेक करून उजळतात.)

त्यांच्या बागा चार ठिकाणी आहेत. कानूबी, सान लोरेंझो आणि रुए या बारोलोत, तर रोक्के ही ला मोर्रात. कानूबी तर फार मानाची टेकडी. 1752 साल आणि 'कानूबी' हे नाव लिहिलेली एक जुनी बाटली आजही जपून ठेवलेली आहे. 2010 मध्ये बारोलोतल्या अशा शिवारांच्या हद्दी अधिकृतपणे आखल्या गेल्या, आणि लेबलावर एकाच शिवाराचं नाव छापलं की बाटली महाग विकली जाऊ लागली. मास्कारेल्लोंनी कानूबी वेगळी काढली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

पण त्यांच्या घरी चारही ठिकाणचा माल एकत्रच होतो, आणि वर्षाला बारोलो एकच. जुनी रीत हीच होती. उन्हाळा कडक गेला तर उंचावरच्या रोक्केचा गारवा कामी येतो. एका उतारावर गारपीट झाली तर दुसरा हात देतो. 2005 मध्ये बार्तोलो गेले. मारिया तेरेसांसमोर ही रीत मोडायचा मोह रोजचाच असणार, कारण जग एका टेकडीच्या नावाला पैसे मोजतं. त्यांनी ती मोडलेली नाही. साडेबारा एकरांत एवढा ठामपणा निभावणं म्हणजे दरवर्षी पदरचे पैसे सोडणं.

(दृश्य: जानेवारी. उतारावर बर्फ, उघड्या वेली, तारांवर सुकलेल्या काड्या.)

2021 ची बाटली विकायला मोकळी झाली, तेव्हा बागेत छाटणीचे दिवस होते. चार उतारांवरचे वेल उघडे उभे. दर वेलाला एक लांब काडी ठेवायची, बाकी कापायची, ठेवलेली काडी वाकवून तारेला बांधायची. एप्रिलमध्ये तिच्यावरचे डोळे फुटतात. त्या फुटींवर धरलेल्या घडांचा बारोलो विकायला 1 जानेवारी 2029 उजाडावा लागतो.